त्रिनिदादचा चिखल, लाल पक्षी आणि समुद्रातलं देऊळ

कॅरिबियन म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच चित्र असतं, पांढरी वाळू, निळंशार पाणी, वाकलेलं नारळाचं झाड. ऑफिसमध्ये सांगितलं की मे महिन्याच्या सुट्टीत त्रिनिदादला चाललोय, तर पहिला प्रश्न हाच की रिसॉर्ट कुठलं घेतलंय. आता परत आल्यावर जो तो फोटो मागतो आणि मी दाखवते ते खारफुटीचे, चिखलाचे, देवळांचे आणि रस्त्यावर उभं राहून खाल्लेल्या चण्यांचे, मग समोरचा जरा गोंधळतो. पण मला अगदी मनापासून वाटतं की त्रिनिदादला जायचं ते याच्यासाठीच. बीच तिथेही आहेत, चांगलेही आहेत, पण त्याच्यासाठी एवढं लांब जायची गरज नाही. ऐरोलीत राहणाऱ्या, खाडी रोज बघणाऱ्या माणसाला त्रिनिदाद जे देतं ते दुसरं कुठलं बेट देईल असं वाटत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आमचं जाणं झालं ते माझ्या मावसभावामुळे. दादा केमिकल इंजिनिअर, आधी रबाळेला होता, आता तिकडे पॉइंट लिसास म्हणून मोठी इंडस्ट्रियल इस्टेट आहे तिथे. नैसर्गिक वायूवर चालणारे अमोनिया आणि मेथॅनॉलचे प्लांट एका रांगेत, थोडक्यात आपल्या नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातून उचलून समुद्राकाठी नेऊन ठेवावं असा परिसर. देशाची कमाई मुख्यतः तेल आणि गॅसवर आहे, टुरिझमवर नाही, आणि त्याचा फायदा आपल्याला असा की जिथे जाल तिथे गाव त्यांच्या त्यांच्या कामात असतं, तुमच्यासाठी सजून बसलेलं नसतं. दादा-वहिनी कूव्हा या गावात राहतात, बेटाच्या मधल्या भागात पश्चिमेला, आणि नंतर कळलं की आम्हाला जे बघायचं होतं त्यातलं बरंचसं त्यांच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

एक गोष्ट आधी सांगायला हवी कारण पुढचं सगळं त्यावर आहे. त्रिनिदाद हे बाकीच्या बऱ्याच कॅरिबियन बेटांसारखं ज्वालामुखीतून किंवा प्रवाळातून वर आलेलं बेट नाही, तो दक्षिण अमेरिकेचा तुटलेला तुकडा आहे. व्हेनेझुएला सगळ्यात जवळच्या टोकाला जेमतेम ११ किलोमीटर. त्यामुळे जंगल, साप, माकडं, पक्षी सगळं दक्षिण अमेरिकेचं, आणि ते एवढ्याशा बेटावर दाटीवाटीने. पक्ष्यांच्याच चारशेच्या वर जाती. वहिनीच्या गॅलरीत साखरपाण्याची बाटली टांगलेली असते आणि सकाळी चहा घेत बसलं की हमिंगबर्ड कानाजवळून भुर्रकन जातात, आवाज आधी येतो आणि पक्षी नंतर दिसतो.

तर कॅरोनी स्वॅम्प, म्हणजे खारफुटीची मोठी दलदल.

दुपारी चारच्या सुमाराला लाकडी, सपाट बुडाच्या बोटी निघतात. आम्ही बसलो त्या बोटीचा नावाडी साठीच्या पुढचा, भारतीय वंशाचा, डोक्यावर टोपी, बोलणं अगदी कमी, आणि नजर अशी की इंजिन चालू असताना, आपण एकीकडे बघत असताना, तो हात वर करून बोट थांबवणार आणि डोक्यावरच्या फांदीकडे दाखवणार. तिथे काय, तर गुंडाळी करून झोपलेला ट्री बोआ, झाडावर राहणारा साप. मला आधी दिसेचना, फांदीवर गाठ असावी असं वाटलं, मग त्या गाठीला खवले दिसले. थोडं पुढे कडेच्या चिखलावर चार डोळ्यांचे मासे, म्हणजे डोळे दोनच पण प्रत्येकाचे दोन भाग, वरच्या भागाने हवेतलं दिसतं आणि खालच्याने पाण्यातलं. ते पाण्याच्या पातळीवर डोळे काढून पळत होते, आणि आमच्या बोटीतल्या एका छोट्या मुलाने आईला इतके प्रश्न विचारले की शेवटी नावाडीकाकांनीच इंजिन बंद करून नीट समजावून सांगितलं.

खारफुटी बघून मला एकदम घरचं वाटलं आणि तरी ती वेगळी होती. आपल्या ठाणे खाडीत मुख्यतः तिवर, त्याची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. कॅरोनीत लाल खारफुटी जास्त, तिची मुळं खोडापासून कमानीसारखी बाहेर पडून पाण्यात उतरतात, शेकडो कमानी, आणि त्या मुळांना कालवं चिकटलेली. भरतीची रेषा प्रत्येक मुळावर सारख्या उंचीला आखलेली. ओहोटीला तिथे खेकडे बाहेर येतात, एक नांगी मोठी आणि एक छोटी असलेले, आपल्याकडे ऐरोलीच्या जेट्टीजवळ दिसतात त्यातलेच भाऊबंद.

मग झाडी संपते आणि मोठं उघडं पाणी येतं, मध्ये हिरवी बेटं. नावाडी बोट लांबच एका जागी बांधतो, इंजिन बंद, आणि थांबायचं. जवळ जायला परवानगी नाही, कोणी मागतही नाही. आधी बगळे यायला लागले, छोटे निळे, पांढरे. मग कोणीतरी म्हणालं ते बघा, आणि झाडांच्या वरून चार-पाच लाल ठिपके आले. लाल म्हणजे गुलाबी नाही, केशरी नाही, पिंजर असते ना तसा. स्कार्लेट आयबिस. पंखांची टोकं तेवढी काळी, चोच लांब खाली वाकलेली, आकार आपल्या शराटीचाच. मग दहा, मग वीस, मग मोजणं सोडून दिलं. व्हेनेझुएलाच्या बाजूनेही येतात म्हणे, दिवसभर चिखलात चरतात आणि संध्याकाळी झोपायला या बेटांवर. अर्ध्या तासात समोरचं हिरवं झाड लाल झालं, आणि नवीन थवा उतरला की आधीचे बसलेले सरकून जागा देतात, थोडी भांडणं होतात, फांद्या हलतात आणि पुन्हा सगळं स्थिर होतं.

हा रंग खाण्यातून येतो. खेकडे, कोळंबी, त्यातली कॅरोटिनॉइड नावाची रंगद्रव्यं. पिल्लं करडी-तपकिरी असतात, खात खात मोठी होतात तशी लाल होत जातात, आणि पिंजऱ्यात ठेवून तसं खाणं नाही दिलं की रंग उतरतो. आपल्या फ्लेमिंगोचं गणित हेच आहे, त्यांचा गुलाबी रंग खाडीतल्या शेवाळातून आणि बारीक जीवांतून येतो. म्हणजे कॅरोनीचा लाल आणि ठाणे खाडीचा गुलाबी दोन्ही रंग चिखलातूनच निघालेत, चिखल गेला की पक्षी राहिला तरी रंग जाणार. मला हे आधी वाचून माहीत होतं, पण त्या बोटीत बसून ते जसं आत पोचलं तसं कधी पोचलं नव्हतं.

स्कार्लेट आयबिस हा त्रिनिदादचा राष्ट्रीय पक्षी, देशाच्या राजचिन्हावर आहे, एक डॉलरच्या नोटेवरही आहे. वहिनीने नोट काढून दाखवली आणि म्हणाली अगं, भाजीवाल्याला देताना रोज हाच पक्षी हातात असतो. तरीही मांसासाठी शिकार व्हायची, म्हणून २०१८ मध्ये त्याला खास संरक्षण दिलं, मारताना सापडलं तर एक लाख त्रिनिदादी डॉलर दंड आणि दोन वर्षं कैद. नावाडीकाकांनी हे सांगताना आवाज जरा चढवला, दिवसभरात तेवढा एकदाच.

आता इथे मी थोडं वळण घेणार. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, जवळजवळ १७ चौरस किलोमीटर, २०२२ मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला. कॅरोनीही रामसर स्थळ आहे. म्हणजे कागदावर दोन्ही एकाच पंगतीत. ऐरोलीला वनखात्याचं केंद्र आहे, बोट आहे, भरतीचं वेळापत्रक बघून तिकीट मिळतं आणि नोव्हेंबर ते मे हजारो फ्लेमिंगो दिसतात. पण आमच्या सोसायटीत विचारलं तर निम्म्या लोकांना माहीत नाही, माहीत असलं तरी गेलेले नाहीत, खाडी म्हणजे वास आणि डास एवढीच ओळख. त्रिनिदादमध्ये दादाच्या ऑफिसातला प्रत्येक माणूस कॅरोनीला जाऊन आलेला, शाळेच्या ट्रिपमध्ये, पाहुणे आले म्हणून, कधी नुसतं असंच. फ्लेमिंगो उतरतात त्या सीवूड्सच्या डीपीएस तलावासाठी नवी मुंबईतले लोक गेली काही वर्षं ज्या चिकाटीने भांडतायत, पाण्याची वाट बंद झाली म्हणून, पक्षी मेले म्हणून, त्यांच्याबद्दल मला आधीही आदर होता, आता जास्त आहे. कारण कॅरोनी बघितल्यावर कळतं की हे लोक नक्की काय वाचवू बघतायत.

बरं, पुढे. दुसऱ्या दिवशी वॉटर्लू.

नाव इंग्रजांच्या लढाईचं, पण गाव पूर्ण भारतीय. घरांसमोर अंगणात बांबूला लावलेली रंगीत निशाणं, लाल, पिवळी, पांढरी, त्याला झंडी म्हणतात. पूजा झाली की झंडी रोवायची, लाल हनुमानाची. काही घरांसमोर जुनी, उन्हाने फिकी झालेली निशाणं आणि त्याच्या शेजारी नवीन, म्हणजे त्या घरात किती पूजा झाल्या ते रस्त्यावरून कळतं. ऊस संपलाय, सरकारी साखर कंपनी २००३ मध्ये बंद झाली, पण जमिनीची आखणी अजून उसाच्या मळ्यांची आहे, सरळ रस्ते आणि आडवे चर.

ही माणसं इथे आली ती त्या उसासाठी. इंग्रजांनी गुलामगिरी बंद केली, मळ्यांवर काम करायला माणसं हवी होती, मग भारतातून पाच वर्षांच्या करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. फतेल रझाक नावाचं पहिलं जहाज कलकत्त्याहून निघून ३० मे १८४५ ला इथे लागलं, सव्वादोनशेच्या आसपास माणसं घेऊन. १९१७ पर्यंत हे चाललं आणि एक लाख चाळीस हजारांहून जास्त लोक आले, बहुतेक भोजपुरी पट्ट्यातले, काही मद्रासकडचे. परत जाणारे थोडे. आज देशाची लोकसंख्या चौदा लाखांच्या आसपास आणि त्यातले एक तृतीयांशाहून जास्त भारतीय वंशाचे.

वॉटर्लूला समुद्रात एक देऊळ आहे, छोटंसं, पांढरं, अष्टकोनी, किनाऱ्यापासून आत गेलेल्या बांधाच्या टोकाला. त्याची गोष्ट सांगताना मला अजून गहिवरून येतं. सिवदास साधू नावाचे एक मजूर, लहानपणी आईवडिलांबरोबर भारतातून आलेले. त्यांनी १९४७ मध्ये समुद्राकाठी देऊळ बांधलं, जमीन साखर कंपनीची. काही वर्षांनी कंपनीने पाडायला सांगितलं, यांनी ऐकलं नाही, १९५२ मध्ये देऊळ पाडलं गेलं आणि साधूंना १४ दिवस तुरुंगात टाकलं. बाहेर आल्यावर त्यांचं म्हणणं असं की जमिनीवर देऊळ नको ना, मग समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, तिथे बांधतो. आणि बांधलं. सायकलला बादल्या आणि पिशव्या अडकवून दगड, सिमेंट, वाळू न्यायचं, ओहोटीला चिखलात चालत जायचं, पिंपात काँक्रीट भरून पाया रचायचा. एकट्याने, मजुरी सांभाळून, वर्षानुवर्षं. १९७० च्या आसपास ते गेले. समुद्राने नंतर बरीच पडझड केली, मग १९९५ मध्ये भारतीय येण्याला दीडशे वर्षं झाली त्या निमित्ताने सरकारच्या मदतीने ते पुन्हा उभं राहिलं. आता बांधाच्या तोंडाशी साधूंचा पुतळा आहे.

आम्ही गेलो तेव्हा ओहोटी होती. दोन्ही बाजूंना लांबपर्यंत करडा ओला चिखल, त्यात पक्षी चरतायत, आणि मी बांधावरून चालताना सारखा एकच विचार करत होते की या चिखलात पाय किती रुततो ते मला माहितीये, गुडघ्यापर्यंत जातो आणि काढताना चप्पल आत राहते, त्यात सिमेंट घेऊन. आत गाभाऱ्यात मूर्ती, बाहेर रेलिंगला लोकांनी बांधलेली फुलं. एक आजी पितळी तांब्याने पाणी घालत होत्या, त्यांनी आम्हाला विचारलं कुठून आलात, बॉम्बे म्हटल्यावर माझे दोन्ही हात धरले आणि कितीतरी वेळ सोडलेच नाहीत. त्यांचे पणजोबा-खापरपणजोबा कुठल्या गावचे ते त्यांना माहीत नाही. त्यांनी मला प्रसाद दिला, शिरा, त्यात मनुका आणि दूध, मोहनभोग म्हणतात. देवळाच्या शेजारीच समुद्राकाठी स्मशान आहे, उघड्यावर चिता रचतात, त्या दिवशी एका चितेची राख अजून गरम होती.

तिथून जवळच कारापिचाइमाला दत्ताचं देऊळ आहे आणि त्याच्या आवारात ८५ फूट उंच हनुमान. देऊळ दाक्षिणात्य पद्धतीचं, म्हैसूरच्या गणपती सच्चिदानंद स्वामींच्या परंपरेतलं, हनुमानाची प्रतिष्ठापना २००३ ची. मूर्ती भव्य आहेच, पण मला धक्का बसला तो दत्ताचा. आमच्या घरी गाणगापूर, वाडी या वाऱ्या लहानपणापासून, आणि अर्धी पृथ्वी ओलांडून इथे दत्ताच्या समोर उभं राहायचं, बाहेर त्रिनिदादचं ऊन. नवऱ्याने नेहमीप्रमाणे चार वेळा घड्याळ बघितलं, पण मी हलले नाही. भर दुपारी देवळात आम्हीच होतो आणि झाडूवाली बाई.

खाण्यावर वेगळी पोस्ट होईल पण राहवत नाही. डबल्स. सकाळी सहा-सातला रस्त्याच्या कडेला छत्री लावून गाडी उभी असते, काचेच्या पेटीत मऊ पिवळे ‘बारा’ रचलेले (आकडा नाही, पदार्थाचं नाव), हळद घातलेली मैद्याची छोटी तळलेली भाकरी म्हणा. कागदावर दोन बारा एकमेकांवर जरा सरकवून ठेवायचे, त्यावर चण्याची पातळ भाजी, मग चिंचेची चटणी, काकडी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं मोहरीच्या तेलातलं लोणचं, आणि तिखट किती ते विचारतात. हे सगळं विक्रेत्याच्या हातून तीन-चार सेकंदात होतं आणि कागदाची टोकं पिळून पुडी हातात. खायची पद्धत वहिनीने शिकवली, उभं राहून, वाकून, बाराचा तुकडा तोडून त्यानेच चणे उचलायचे, चमचा मागायचा नाही. १९३० च्या दशकात प्रिन्सेस टाउनमध्ये दीन कुटुंबाने हे सुरू केलं असं मानतात आणि आता हिंदू, मुसलमान, आफ्रिकन वंशाचे, चिनी, सगळे त्याच रांगेत. बँकेतला टाय लावलेला माणूस आणि बांधकामावरचा कामगार शेजारी शेजारी उभे राहून बोटं चाटतायत.

आणि सहीना! दक्षिणेला डेबे म्हणून गाव आहे, तिथे रस्त्याच्या कडेला टपऱ्याच टपऱ्या, फुलौरी, कचोरी, बैगनी आणि सहीना. अळूच्या पानांना वाटाण्याच्या डाळीचं पीठ फासून, गुंडाळून, कापून तळलेलं. आपली अळूवडीच की. गूळ-चिंच पिठात नाही, चटणीत आहे, तीळ-खोबरं नाही, पण पानाची ती खाजरी-गोड चव तीच. रविवारच्या जेवणात कॅलालू असतं, अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध घोटून, ते मात्र आफ्रिकन लोकांनी आणलेलं. म्हणजे एकच पान, आणि दोन खंडांतून जबरदस्तीने किंवा फसवून आणलेल्या लोकांनी आपापल्या पद्धतीने शिजवलेलं, आता दोन्ही एकाच ताटात. मे महिना असल्यामुळे आंबेही होते, ज्युली आंबा, बुटका, घट्ट, छान आहे. हापूसची सर नाही, हे मी तिथेही सांगितलं आणि इथेही सांगते.

आम्ही मुद्दाम ३० मे धरून गेलो होतो कारण त्या दिवशी इंडियन अरायव्हल डे, सार्वजनिक सुट्टी असते. जागोजागी मिरवणुका, किनाऱ्यावर जहाजातून उतरण्याचा देखावा, आजीच्या काळचे लुगड्यासारखे कपडे घातलेल्या मुली. पण मला सगळ्यात आवडलं ते मिरवणूक सुरू व्हायच्या आधीचं. मैदानाच्या कोपऱ्यात गवतकाड्यांची छोटी शेकोटी पेटवलेली आणि पाच-सहा पोरं आपापले ताशे त्यावर धरून उभी, बकऱ्याचं कातडं तापवत. एक जण बोटाने टिचकी मारून बघायचा, मान हलवायचा, पुन्हा आगीवर. कातडं तापून ताणलं गेलं की आवाज एकदम चढतो, टण्ण. मग गळ्यात अडकवून सुरू. दोन काड्यांनी वाजवायचा तो ताशा, सोबत मोठा ढोल आणि झांज, म्हणजे ठाण्यात गणपतीच्या आधी पुलाखाली जो सराव चालतो तोच सरंजाम. माझा भाचा ठाण्यात पथकात आहे, त्याला व्हिडिओ पाठवला तर तिकडे रात्रीचा एक वाजलेला, तरी लगेच उत्तर आलं की मावशी, मधला तोडा पुन्हा पाठव, तो आमच्यात नाही. या पोरांचे ताशे लग्नात वाजतात, होसेमध्ये, म्हणजे मुहर्रमच्या मिरवणुकीत वाजतात, आणि होसेत ताजिये ओढायला, ढोल वाजवायला हिंदू-मुसलमान-आफ्रिकन सगळे असतात.

स्टीलपॅन, म्हणजे पिंपापासून केलेलं इथलं वाद्य, त्याबद्दल थोडक्यात, कारण खरा मोसम कार्निव्हलच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत. इंग्रजांच्या राज्यात ढोल वाजवायला बंदी आली, मग लोक बांबू आपटून वाजवायला लागले, मग बिस्किटाचे डबे, कचऱ्याचे डबे, आणि १९४० च्या दशकात ५५ गॅलनचं तेलाचं पिंप. पिंपाचा तळ हातोडीने ठोकून खोलगट करायचा आणि त्यात एकेक सूर ठोकून बसवायचा. राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला एका पॅनयार्डमध्ये, म्हणजे सरावाच्या अंगणात, संध्याकाळी शाळेतली मुलं वाजवत होती, आम्ही बाहेर कट्ट्यावर बसून ऐकलं, कोणी तिकीट मागितलं नाही, कोणी हटकलं नाही.

ला ब्रे चं पिच लेक, डांबराचं तळं, साधारण ४० हेक्टर, खोली ७५ मीटरच्या आसपास. १५९५ मध्ये वॉल्टर रॅले या इंग्रज दर्यावर्दीने आपली जहाजं इथल्या डांबराने सांधली होती. वर चालता येतं, मध्ये मध्ये पाऊल हळूच खाली जातं. गाईडशिवाय जाऊ नका, पृष्ठभाग कुठे मऊ आहे ते त्यांनाच कळतं. अर्ध्या दिवसात होतं, मुलं बरोबर असतील तर नक्की जा, नसतील तर वेळ बघून ठरवा.

कासवांसाठी मात्र रात्र द्या. ईशान्य किनाऱ्यावर ग्रान रिव्हिएर, कूव्हाहून चांगला तीन तासांचा नागमोडी रस्ता. मार्च ते ऑगस्ट तिथे लेदरबॅक मादी अंडी घालायला येते, जगातलं सगळ्यात मोठं कासव, तीनशे-चारशे किलोची असते. मी कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघितलीयत, तळहातावर मावणारी, त्यामुळे कासव म्हणजे काय याची एक कल्पना डोक्यात होती आणि ती पूर्ण मोडली. परवाना काढून स्थानिक गाईडबरोबर जायचं, फक्त लाल दिवा, फ्लॅश नाही, बोलणं नाही. ती मागच्या वल्ह्यासारख्या पायाने खड्डा खणत होती, एक पाय आत, वाळू उचलून बाजूला, मग दुसरा, इतकं जपून, आणि खड्ड्याकडे तिला बघताही येत नाही. अंडी घालायला लागली की ती कशालाच दाद देत नाही, तेव्हाच गाईड जवळ जाऊ देतो. डोळ्यांतून चिकट पाणी गळत असतं, ते शरीरातलं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात. आमचा गाईड म्हणाला त्याच्या वडिलांच्या पिढीत कासवं खाल्ली जायची. आता तेच गाव रात्रभर पहारा देतं आणि पाहुण्यांवर घरं चालतात. वाटेवरच्या मटुराला १९९० पासून गावकऱ्यांची संस्था हेच काम करतेय.

आणि क्वीन्स पार्क ओव्हल बघितल्याशिवाय ठाण्यात परत यायचं माझ्या बाबांनी निक्षून नाही म्हणून सांगितलं होतं. १९७१ मध्ये भारताने वेस्ट इंडिजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते याच मैदानावर, कप्तान वाडेकर, सरदेसाईंचं शतक आणि गावसकरांचं पदार्पण. त्याच दौऱ्यातल्या शेवटच्या कसोटीत, इथेच, गावसकरांनी १२४ आणि २२० केले, आणि लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने त्यांच्यावर कॅलिप्सो, म्हणजे तिथल्या ढंगाचं गाणं रचलं. मग १९७६, चौथ्या डावात ४०३ हवे होते आणि भारताने ४ बाद ४०६ करून मॅच काढली, गावसकर १०२, विश्वनाथ ११२. गेटवरचा सिक्युरिटीवाला सत्तरीचा, त्याला मी बाबांशी व्हिडिओ कॉल लावून दिला. एक ठाण्याच्या मराठी इंग्रजीत, दुसरा त्रिनिदादच्या इंग्रजीत, आणि दोघांना एकमेकांचं सगळं कळत होतं, नावंच पुरेशी होती. तो म्हणाला, त्याचे वडील त्या मॅचला भारताच्या बाजूने ओरडत होते आणि तो स्वतः वेस्ट इंडिजच्या, घरी जेवणं झाली नाहीत त्या रात्री.

जाणार असाल तर काही गोष्टी. जानेवारी ते मे कोरडा मोसम, जूनपासून पाऊस. कासवं आणि अरायव्हल डे दोन्ही हवं असेल तर मे अखेर, थोडा पाऊस लागतो पण आपल्याला त्याचं काय. कार्निव्हल आणि पॅन हवं असेल तर फेब्रुवारी, पण तेव्हा राहायची जागा फार आधी बघायला लागते. गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात. मॅक्सी टॅक्सी म्हणजे छोट्या बसेस, पट्ट्याच्या रंगावरून कुठे जाणार ते कळतं, पूर्वेला लाल, मध्य आणि दक्षिणेला हिरवा पट्टा. रात्री उशिरा, विशेषतः पोर्ट ऑफ स्पेनच्या काही भागांत, एकटं फिरू नका, तिथले लोक स्वतःच हे बजावून सांगतात आणि त्यांचं ऐका. कॅरोनीला पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं क्रीम आणि दुर्बीण, दुर्बीण अजिबात विसरू नका. आणि तिकडे जायच्या आधी एकदा ऐरोलीला खाडीत बोटीने जाऊन या, जानेवारी-फेब्रुवारी बघून, भरतीची वेळ फोन करून विचारून घ्या, शनिवार-रविवार लवकर भरतो.